कढीलिंबातला पहारा

"माझं अजून काय कमी पडतंय, बुवा?"

विश्वंभरभाऊंनी हे विचारलं तेव्हा बुवांचे पाय त्यांच्या मांडीवर होते. रोज सकाळी ते तिळाच्या तेलानं चोळायचे. बुवा खिडकीबाहेर परसात बघत होते.

मी चहा घेऊन आले होते ती दारातच थांबले. असलं बोलणं चाललं की मला आत जायचा धीर होत नाही, आणि माघारी फिरवतही नाही.

"बारा वर्षं झाली," भाऊ म्हणाले. "उठून कुठं गेलो नाही. लग्नाला नाही, मयताला नाही. तरी तुमचा अनुग्रह नाही. आणि आता तर..."

पुढचं ते बोलले नाहीत. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. मागच्याच आठवड्यात तालुक्याचे डॉक्टर बुवांची नाडी बघून ओसरीवर आले होते आणि म्हणाले होते, आता चिठ्ठी लिहून उपयोग नाही. खातील ते द्या.

बुवांनी खिडकीकडे बोट केलं.

"कढीलिंबात बुलबुल बसलीय," ते म्हणाले.

"हो?"

"आज दिवसभर तिथं बस. ती किती वेळा उठते ते मोजून मला सांग."

"आणि इथं कोण बघणार?"

"शेवंता आहे."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. भाकरी करपवणाऱ्या बाईच्या हाती बुवांना सोपवायचं, असा तिचा अर्थ. सतरा वर्षांत माझी भाकरी दोनदा करपली असेल, दोन्ही वेळा ती त्यांच्याच ताटात पडली, हे माझं नशीब.

तर मी शेवंता. मठात स्वयंपाक करते. मठ म्हणजे फार मोठं काही समजू नका. तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं परस. परसात एक आड, आडाच्या पलीकडे धुण्याचा दगड, आणि माझ्या चुलीच्या खिडकीसमोर कढीलिंब. बुवा जन्मभर आसपासच्या गावांत कीर्तन करत हिंडले. आता एक्याऐंशी वर्षांचे. दोन वर्षांपासून पाय गेलेले, सगळं खाटेवर.

विश्वंभरभाऊ शाळामास्तर होते. नोकरी सोडून इथं आले, आणि बुवांचे पाय गेल्यावर त्यांची सेवा एकट्यानं उचलली. खोटं कशाला बोलू, पोटच्या पोरानं केली नसती अशी सेवा. आंघोळ घालायची, भरवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पण दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. मी पाणी नेलं तरी दारात माझ्याकडून तांब्या घ्यायचे आणि स्वतः पाजायचे.

दारावर त्यांनी पाटी लावली होती. "बुवा विश्रांती घेत आहेत. कृपया भेटीचा आग्रह धरू नये." मास्तरांचं अक्षर, छापल्यासारखं. दोन वर्षं ती पाटी हलली नाही. म्हणजे दोन वर्षं बुवा विश्रांतीच घेत होते म्हणायचे.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल.

मठात माघात सप्ताह असतो. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नेम. ज्याचा पहारा संपला त्यानं ती पुढच्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. एका वर्षी भाऊंनी दुपारी वीणा घेतली ती दिवेलागणीपर्यंत दिलीच नाही. पुढचे तिघं आपापल्या वेळेला आंघोळ करून, बुक्का लावून आले, समोर उभे राहिले आणि परत गेले. भाऊंचे डोळे मिटलेले. त्या तिघांत आमचा गवळी होता. वर्षाकाठी तेवढाच एक तास यायचा बिचाऱ्याच्या वाट्याला.

लोकांनी भाऊंचं तोंड भरून कौतुक केलं. बुवा तेव्हा चालतेफिरते होते. रात्री गवळ्याच्या घरी गेले आणि चहा पिऊन आले.

आणि आता चंद्राक्का.

चंद्राक्का म्हणजे बुवांची धाकटी बहीण, एकुलती एक. वय बहात्तर. पलीकडच्या गावात राहते. मंगळवारी आमच्या गावचा बाजार, त्या दिवशीच्या एसटीनं ती यायची. पदराखाली जवसाच्या चटणीचा डबा. बुवांचा लहानपणापासून त्या चटणीवर जीव. भाऊ तिला ओसरीवरच गाठायचे. हात जोडून, अगदी नम्रपणे सांगायचे की बुवांचा आत्ताच डोळा लागलाय, आणि तिखट तर त्यांना सोसतच नाही. चटणी ठेवून घ्यायचे. ती अर्धा तास पायरीवर बसायची, मी दिलेला चहा प्यायची आणि बाजार करून परतीच्या गाडीनं जायची.

नऊ महिने हे असं चाललं होतं. चटणी मी खायची. घशाखाली उतरायची नाही, आणि टाकवायचीही नाही.

बुवांचा डोळा लागलेला नसायचा. घर एवढंसं, ओसरीवरचा शब्दन् शब्द त्यांना आत ऐकू जायचा. एकदा मी चिडून म्हटलं, बुवा, एकदा सांगा की त्यांना. तुमचीच बहीण आहे.

"ज्याच्या हातून रोज पाणी प्यायचं, त्याला कसं बोलू?" बुवा म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "सेवा घ्यायचाही शीण येतो गं, शेवंता."

ते ऐकून मला रडू आलं. मी चुलीपाशी जाऊन बसले.

तर भाऊ परसात गेले. ते कुठलंही काम अर्धवट करत नाहीत. स्टूल घेतलं, वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं, मांजरासाठी काठी घेतली. घरटं खांद्याएवढ्या उंचीवर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, आमटीच्या वाटीएवढं. माझ्याच केरसुणीच्या काड्या ओढून नेऊन बांधलेलं. आत दोन अंडी, गुलाबट, वर तांबूस ठिपके. भाऊंनी चार हातांवर स्टूल टाकलं आणि ताठ बसले.

ती भुर्रकन उडाली आणि कपड्यांच्या तारेवर जाऊन बसली. तुरा उभा करून ओरडायला लागली.

मी खिडकीतून म्हटलं, भाऊ, जरा लांब बसा. ते म्हणाले, इथून नीट दिसतं. आणि मांजर आलं तर? लांबून धावत येईपर्यंत काय उरायचं?

मला पीठ मळायचं होतं. मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं आता वाटतं.

दहाच्या सुमाराला एसटीचा हॉर्न वाजला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आज मंगळवार होता.

चंद्राक्का आली. ओसरीवर कुणी नाही हे बघून ती घुटमळली, आणि मग सवयीनं पायरीवरच बसली. मी म्हटलं, आत चला.

"मास्तर?"

"परसात आहेत."

"त्यांना विचाराय नको?"

"नको."

ती उठली. दारापर्यंत आली आणि पाटीपुढं थांबली. तिला वाचता येत नाही. नऊ महिन्यांत तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, हितं काय लिव्हलंय गं?

"आत या, असं लिहिलंय," मी म्हटलं.

देवाच्या दारात खोटं बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

आत गेल्यावर ती खाटेच्या कडेला टेकली. बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पदराकडे.

"चटणी आणलीस?"

तिला हुंदका आवरेना. मी बाहेर पळाले, तव्यावरची गरम भाकरी घेऊन आले. तिनं कुस्करून, तेल घालून, बोटानं भरवली. बुवांनी चार घास खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, तरी तोंड उघडून पाचवा मागितला. मग कधीकाळच्या म्हशीची गोष्ट निघाली. ती म्हैस कुणी विहिरीवर नेली आणि कुणी हरवली यावरून त्यांचं साठ वर्षांपूर्वी जुंपलं होतं, ते अजून मिटलेलं नव्हतं.

बुवांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

दुपारी बारा वाजता बुवांना भरवायला म्हणून भाऊ वही घेऊन आत आले आणि दारातच खिळले. बुवांचं डोकं चंद्राक्काच्या मांडीवर, ओठाला चटणीचा कण.

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं ओरडतील. पण त्यांना ओरडताही येईना. बारा वर्षं, एवढाच शब्द दोनदा त्यांच्या तोंडून आला. मग त्यांनी मला विचारलं की यांना आत कुणी घेतलं. मी म्हटलं, मी. काय करायचं ते करा.

चंद्राक्का बुवांचं डोकं उशीवर ठेवून उठायला लागली. गाडी यायची वेळ झाली म्हणाली. गाडीला अजून दोन तास होते.

"बस," बुवा म्हणाले.

ती अर्धवट टेकली. पदर आवरून, अंग चोरून, कधी उठावं लागेल याचा नेम नाही अशी.

"किती वेळा उठली?" बुवांनी विचारलं.

भाऊंना कळेना. "कोण?"

"बुलबुल."

भाऊंनी वही उघडली. "उठायचा प्रश्नच नाही. ती बसलीच नाही. सकाळपासून तारेवर बसून नुसती ओरडतेय. अंडी उघडी टाकून... कसली आई ती."

"मांजर आलं?"

"नाही."

"कावळा?"

"नाही. मी जागचा हललोच नाही. पाणीसुद्धा प्यालो नाही, बुवा."

"आणि ती?"

"यायची फांदीपर्यंत. मला बघून परत जायची."

...

बाहेर ती अजून ओरडत होती. खोलीत तिचा आवाज स्पष्ट येत होता.

"मग अंडी कुणापासून राखलीस, विश्वंभर?"

भाऊंची नजर वहीवरून उठली आणि चंद्राक्कावर गेली. खाटेच्या कडेला टेकलेल्या त्या म्हातारीकडे ते बघत राहिले. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती.

मी काही म्हणत नाही. मी तिथं होते, बघितलं, एवढंच सांगते.

भाऊ बाहेर गेले. स्टूल उचलून माझ्या चुलीपाशी आणून ठेवलं, काठी कोपऱ्यात लावली आणि आडाच्या पलीकडे, धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. पाच मिनिटं झाली नसतील. ती तारेवरून फांदीवर आली, फांदीवरून घरट्यात शिरली आणि अंग फुलवून बसली. ओरडणं थांबलं तेव्हा कळलं, सकाळपासून माझंही डोकं दुखत होतं.

तासाभरानं मी पाण्याला गेले तर भाऊ आडाच्या कठड्याला टेकून झोपले होते. तोंड उघडं, घोरत होते. बारा वर्षांत मी त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. झोपेत ते फार म्हातारे दिसत होते. मला त्यांचा इतका राग होता, पण त्या क्षणी जीव तुटला.

बुवांनी भाऊंना परसात पाठवलं ते शिकवायला, की बहिणीच्या हातची चटणी खायला? मी पुढं विचारलं एकदा. बुवा म्हणाले, "जवस जरा जास्त भाजलं होतं." एवढंच बोलले.

त्यानंतर भाऊ रोज थोडा वेळ दगडावर जाऊन बसायचे आणि संध्याकाळी बुवांना सांगायचे. ती सारखी उठते, म्हणायचे. कधी किडे टिपायला जाते, कधी कारण नसताना तारेवर जाऊन पिसं साफ करते. परवा तर आडाच्या चरीत चांगली आंघोळ करून आली.

"आणि अंडी?"

"अंडी असतात तिथंच."

"हं," बुवा म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

नवव्या दिवशी एक अंडं फुटलं. उघडंनागडं, नखाएवढं डोकं आणि सगळी चोचच चोच. दुसरं फुटलं नाही. आज फुटेल, उद्या फुटेल करत आणखी चार दिवस गेले. भाऊ वाट बघायचं थांबले, तेव्हा ते आत येऊन खाटेपाशी उभे राहिले.

"दुसरं माझ्यामुळं गेलं का, बुवा?"

"असेलही." बुवांचा आवाज आता फार खोल गेला होता. "नसेलही."

भाऊ खाली बघत राहिले. त्यांना काहीतरी आणखी हवं होतं. शिव्या दिल्या असत्या तरी चालल्या असत्या. बुवांकडे तेवढी ताकद नव्हती. कूस बदलायची वेळ झाली होती, भाऊंनी ती बदलली. त्यांचा हात त्या दिवशी हलका होता. एरवी ते ओझं उचलल्यासारखं उचलायचे.

चंद्राक्का तोवर राहायलाच आली होती. कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलं नाही. पिशवी घेऊन आली आणि माझ्या खोलीत तिनं अंथरूण टाकलं. पण बुवांजवळ जायची ती भाऊ परसात असतानाच. भाऊ आले की उठायची. इतक्या महिन्यांची धास्ती एका भाकरीत जात नाही.

एका सकाळी बुवा म्हणाले, "विश्वंभर, घरी जाऊन ये."

"कुणाच्या?"

"तुझ्या. थोरला भाऊ आहे ना तुझा?"

भाऊ खाटेची कड धरून खाली बसले. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. "मी गेलो आणि इकडं तुमचं काही झालं तर?"

बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बारा वर्षं बसलोय मी इथं. त्या एका घटकेला मीच नसलो तर?"

"तर नसशील," बुवा म्हणाले.

भाऊ त्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत. जेवले नाहीत, परसातही गेले नाहीत, नुसते खाटेपाशी बसून राहिले. बुवांचा हात हातात धरून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी दोन पानं लिहिली. केव्हा कूस बदलायची, पाणी किती कोमट, कुठल्या कुशीवर खोकला येतो, उशी कशी ठेवायची. सगळं सुरेख अक्षरात. भिंतीला चिकटवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चंद्राक्काला वाचता येत नाही. मग दोन वेळा मोठ्यानं वाचून दाखवलं. ती दोन्ही वेळा बरं म्हणाली.

शेवटी बुवांचा पाण्याचा तांब्या राहिला. तो भाऊंच्या हातात होता. एसटीची वेळ झाली तरी हातातच होता. चंद्राक्कानं पुढं येऊन दोन्ही हात पसरले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग भाऊंनी तांब्या तिच्या हातात दिला. सप्ताहात वीणा देताना वाकतात तसे ते वाकले आणि तिच्या पायाला हात लावला. ती गडबडली. तांब्या सांभाळत तीही वाकली आणि म्हणाली, "अहो मास्तर, मी कोण..."

भाऊ पिशवी घेऊन निघाले. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं असावं. तीन वेळा बघितलं.

दुसऱ्याच दिवशी बुवांचा श्वास लागला. चंद्राक्का पाठ चोळत बसली. मी म्हटलं, भाऊंना निरोप धाडते. बुवांनी मान हलवली, नाही म्हणून. मला त्यांचा राग आला. तो माणूस जन्मभर स्वतःला खात बसेल, हे यांना कळत नाही का, असं वाटलं. चार घरांत फोन होते, एक हाक मारली असती तर निरोप गेला असता. मी उंबऱ्यात उभी राहिले. गेले नाही.

संध्याकाळी श्वास खाली बसला. तिसऱ्या दिवशी बुवांनी चटणी मागितली.

पाचव्या दिवशी भाऊ आले. दाढी केलेली, अंगात नवा सदरा, भावानं घेतलेला. दोन दिवस नुसता झोपलो म्हणाले. वहिनी जेवायला उठवायची, जेवून पुन्हा झोपायचो. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती.

ते पुढून आलेच नाहीत. बोळातून थेट परसात आले. बहुतेक ओसरीवर माणसं जमलेली दिसतील अशी भीती होती. मी आडावर होते. त्यांनी मला विचारलं नाही, आधी कढीलिंबात बघितलं.

घरट्यात पिल्लू नव्हतं.

भाऊ फांदीला धरून उभे राहिले.

मी घाईनं म्हटलं, उडालं भाऊ, उडालं. आज सकाळी.

"कुणी बघितलं?"

"कुणीच नाही. मी भाकरी थापत होते. चंद्राक्का बुवांचं अंग पुसत होती. येऊन बघते तर नाही."

भाऊंनी पुन्हा घरट्यात डोकावलं. न फुटलेलं अंडं तिथंच होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि बुवा?"

मी खिडकीकडे बोट दाखवलं. आतून खोकल्याचा आवाज आला. तो ऐकून भाऊंनी तोंड सदऱ्यात लपवलं. मी पाणी शेंदत राहिले, माणसाला अशा वेळी बघू नये.

मग त्यांनी आडावर पाय धुतले, तोंड धुतलं, आणि वळसा घालून पुढच्या दाराशी गेले. मी मागोमाग गेले. दारावर पाटी नव्हती. ती मी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवली आहे, बरोबर बसते. भाऊंनी पाटीच्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

आत चंद्राक्का बुवांना पाणी पाजत होती. भाऊंना बघून ती उठायला लागली. बुवांनी तिचं मनगट धरलं.

बारा वर्षांत विश्वंभरभाऊ त्या दारातून किती वेळा आतबाहेर गेले असतील, त्याला गणती नाही. त्या दिवशी ते उंबऱ्याबाहेर थांबले. हात जोडले.

"आत येऊ का, बुवा?"

बुवांनी मान वळवली. त्यांच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. बोलायला श्वास पुरत नव्हता...

"ये रे, विश्वंभर," बुवा म्हणाले. "किती वर्षांनी आलास."